हब मोटारीतून जास्त शक्ती कशी मिळेल?



अकोल्याहून वाशिमकडे निघालात, की पातूर मागे पडल्यावर रस्ता घाट चढू लागतो. घाट चढून पुढे आले, की वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील मेडशी हे गाव लागते. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटर उंचीवर आहे आणि वाशिम सुमारे ५५० मीटर उंचीवर. मधला २७० मीटरचा फरक बैलगाडीला, एस.टी.ला आणि सायकललाही चढावाच लागतो. त्यातून कोणाचीही सुटका नाही.

आता समजा, तुम्ही मेडशीला राहता आणि तुमच्या घरी विजेवर चालणारी सायकल आली आहे. सपाट रस्त्यावर ती भुर्रकन जाते. पण चढ लागला की तिचा दम उखडतो. मग सल्ले सुरू होतात. एक जण म्हणतो, "कंट्रोलर उघडून आत जरासा डाख लावला, की मोटार दुप्पट ताकद देते." दुसरा म्हणतो, "३६ व्होल्टची बॅटरी काढ आणि ४८ व्होल्टची लाव." तिसरा म्हणतो, "मोटार उघडून जाड तारेची गुंडाळी भरून घे."

या तिघांपैकी कोणाचे ऐकावे? हा प्रश्न नुसत्या हौसेचा नाही. चूक झाली, तर काही हजारांची मोटार घाटातच जळेल. आणि बॅटरीने पेट घेतला, तर त्याहून मोठे संकट ओढवेल. सुदैवाने उत्तर शोधण्यासाठी फार मोठे गणित लागत नाही. ओहमचा नियम, ज्यूलचा नियम आणि 'शक्ती म्हणजे बल गुणिले वेग' एवढे तुम्हांला येत असले, म्हणजे पुरे. चला तर, क्रमाने पाहू या.

तुंब्यातली मोटार

बैलगाडीच्या चाकाच्या मध्यभागी असलेला लाकडी तुंबा तुम्ही पाहिला असेल. त्याच्यातून आख जातो आणि त्याच्यापासून आरे निघतात. सायकलच्या चाकात हेच काम 'हब' करतो. या हबच्या पोटातच जी मोटार बसवलेली असते, ती हब मोटार.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. अमेरिकेतील ऑग्डेन बोल्टन यांनी मागच्या चाकाच्या हबमध्ये मोटार असलेल्या सायकलचे पेटंट १८९५ साली मिळवले होते. पण त्या काळच्या बॅटऱ्या आणि चुंबक दोन्ही जड व दुबळे होते. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात जपान व अमेरिका येथे निओडिमियमचे प्रबळ चुंबक तयार झाले, पुढे हलक्या लिथियम-आयन बॅटऱ्या आल्या आणि मग ही कल्पना खऱ्या अर्थाने रस्त्यावर धावू लागली.

साध्या पंख्याच्या मोटारीप्रमाणे हब मोटारीतही दोन भाग असतात. आखावर घट्ट बसवलेला आतला भाग फिरत नाही. तो लोखंडी पत्र्यांचा असतो आणि त्यावर तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या असतात. बाहेरच्या फिरत्या कवचाला आतून चुंबक चिकटवलेले असतात. कंट्रोलर वेगवेगळ्या गुंडाळ्यांमधून आळीपाळीने प्रवाह सोडतो. त्यामुळे चुंबक पुढेपुढे खेचले जातात आणि कवचाबरोबर चाक फिरते. काही हब मोटारींत आतली मोटार जोरात फिरते आणि लहान दंतचक्रांमार्फत चाक सावकाश फिरवते. दोन्हींचे मूळ तत्त्व एकच आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. गुंडाळ्या आत, मध्यभागी आहेत. त्यांच्याभोवती हवेची फट आहे. आणि त्या फटीबाहेर कवच आहे. म्हणजे गुंडाळ्या तापल्या, तर त्यांची उष्णता सहजासहजी बाहेर पडू शकत नाही. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

एकच आकडा, दोन कामे

मोटार फिरते तेव्हा ती जनित्राचेही काम करते. तिच्या गुंडाळ्यांजवळून चुंबक सरकत असल्यामुळे गुंडाळ्यांत बॅटरीच्या विरुद्ध दिशेने विद्युतदाब निर्माण होतो. याला आपण उलट दाब म्हणू. वेग जितका जास्त, तितका उलट दाब जास्त.

समजा, आपल्या मोटारीत चाकाच्या दर सेकंदाला १ मीटर वेगामागे ४ व्होल्ट उलट दाब निर्माण होतो. मग ३६ व्होल्टच्या बॅटरीवर चाक अधांतरी धरून फिरवले, तर त्याचा वेग जास्तीत जास्त किती होईल? उलट दाब ३६ व्होल्ट झाला की प्रवाह थांबणार. म्हणजे वेग ३६ भागिले ४, म्हणजेच सेकंदाला ९ मीटर. ताशी सुमारे ३२ कि.मी.

गंमत पुढेच आहे. हाच ४ आकडा मोटारीचे बलही सांगतो. मोटारीतून १ अँपिअर प्रवाह गेला, की चाक रस्त्याला ४ न्यूटन बलाने मागे रेटते. असे का व्हावे? व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट; आणि न्यूटन गुणिले मीटर प्रति सेकंद म्हणजेही वॅट. मोटारीला उलट दाबाविरुद्ध जेवढी विद्युतशक्ती द्यावी लागते, तेवढीच यांत्रिक शक्ती चाकाला मिळते. म्हणून दोन्ही आकडे सारखेच असावे लागतात.

तात्पर्य, विद्युतदाब वेग ठरवतो आणि प्रवाह बल ठरवतो. या लेखातील पुढचे सगळे हिशेब या एका वाक्यावर उभे आहेत.

आता उष्णता पाहू. समजा, गुंडाळ्यांचा रोध ०.४ ओहम आहे. ज्यूल या शास्त्रज्ञाने १८४१ साली दाखवून दिले, की तारेत दर सेकंदाला निर्माण होणारी उष्णता ही प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध एवढी असते. १० अँपिअरला ४० वॅट. २० अँपिअरला मात्र ८० नव्हे, तर १६० वॅट. बल दुप्पट हवे असेल, तर उष्णता चौपट सोसावी लागते. (घर्षण व लोखंडात होणारा थोडा व्यय आपण सोयीसाठी सोडून देऊ.)

चढ किती बल मागतो?

सायकल, स्वार आणि दप्तर मिळून १०० किलोग्रॅम धरू. त्यांचे वजन ९८० न्यूटन. टायरच्या घर्षणासाठी सुमारे १० न्यूटन बल लागते. दर १० मीटरला १ मीटर चढ असेल, तर त्यासाठी वजनाचा दहावा भाग, म्हणजे ९८ न्यूटन लागतात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. सेकंदाला ७ मीटर वेगाला तो सुमारे १८ न्यूटन असतो, तर २–३ मीटर वेगाला नगण्य.

घाटातील मोठ्या रस्त्यांचा चढ साधारणपणे २० मीटरला १ मीटर इतपत ठेवण्याचा प्रयत्न असतो. शेतातल्या पायवाटा आणि गावातले बोळ मात्र याहून बरेच उभे असू शकतात. म्हणून आपण तीन प्रसंग घेऊ. आपला कंट्रोलर बॅटरीतून १५ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह घेऊ देत नाही, म्हणजे मोटारीला जास्तीत जास्त ३६ × १५ = ५४० वॅट मिळतात, असे समजू.

पहिला प्रसंग, सपाट रस्ता. वेग सेकंदाला ७ मीटर, म्हणजे ताशी २५ कि.मी. बल २८ न्यूटन, म्हणून मोटारीतील प्रवाह ७ अँपिअर. चाकाला मिळणारी शक्ती १९६ वॅट, उष्णता फक्त २० वॅट.

दुसरा प्रसंग, २० मीटरला १ मीटर चढ. वेग सेकंदाला ५ मीटर. बल ६८ न्यूटन, प्रवाह १७ अँपिअर. चाकाला ३४० वॅट, उष्णता ११६ वॅट.

तिसरा प्रसंग, १० मीटरला १ मीटर चढ. बल १०८ न्यूटन, प्रवाह २७ अँपिअर. उष्णता २९२ वॅट! एकूण ५४० वॅटमधून २९२ उष्णतेत गेले. चाकासाठी उरले २४८ वॅट. त्यांना १०८ न्यूटनने भागले, म्हणजे वेग निघतो सेकंदाला जेमतेम २.३ मीटर.

येथे चौकस विद्यार्थी विचारेल, "बॅटरीतून १५ अँपिअर निघतात, मग मोटारीत २७ कसे?" प्रश्न रास्त आहे. कंट्रोलर प्रवाह अतिशय वेगाने चालू-बंद करून विद्युतदाब उतरवतो आणि त्या प्रमाणात प्रवाह वाढवतो. तिसऱ्या प्रसंगी मोटारीला २० व्होल्ट मिळतात. २० × २७ = ५४०, आणि ३६ × १५ = ५४०. हिशेब चोख जुळतो.

या तीन प्रसंगांत सर्वांत महत्त्वाचे काय दिसले? वेग स्थिर असताना मोटारीतील प्रवाह शेवटी आपल्या मुठीवर अवलंबून नसतो. चढ आणि ओझे किती बल मागतात यावर तो ठरतो. मोटारीची अर्ध्याहून अधिक शक्ती जेथे उष्णतेत जाते, तेथेच तिला सर्वांत जास्त काम असते.

उष्णता साठते तेव्हा

आपल्या भागात "मोटार जळाली" हे शब्द कोणत्या शेतकऱ्याच्या घरी ऐकू आले नसतील? विहिरीवरील पंपाला कमी दाबाची वीज मिळाली, की मोटारीचा वेग मंदावतो. पण पाण्याचे ओझे हटत नाही. मोटार जास्त प्रवाह ओढते, गुंडाळी तापते आणि तारेवरचे रोगण जळून जाते. हब मोटारीची रचना वेगळी असली, तरी तिचा शेवटही याच वाटेने होतो.

आपल्या मोटारीतील तांबे व लोखंड मिळून दीड किलोग्रॅम धरा. त्यांचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवायला सुमारे ६५० ज्यूल उष्णता पुरते. दर सेकंदाला २९२ ज्यूल उष्णता आतच साठत राहिली, तर दर मिनिटाला तापमान सुमारे २७ अंशांनी वाढेल. सेकंदाला २.३ मीटर वेगाने १ किलोमीटर चढायला सात मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. तेवढ्यात तापमान सुमारे १९५ अंशांनी वाढेल! प्रत्यक्षात काही उष्णता बाहेर पडते, म्हणून वाढ याहून कमी असते. पण विदर्भातील मे महिन्याची सुरुवातच ४० अंशांच्या पुढून होते, हेही विसरू नका.

तारेवरील रोगणाच्या प्रकारानुसार त्याची मर्यादा १३०, १५५ किंवा १८० अंश अशी ठरलेली असते. साध्या प्रतीचे निओडिमियम चुंबक तर ८० अंशांच्या पुढे तापले, की आपले चुंबकत्व कायमचे गमावू लागतात. चुंबक दुबळे झाले, की आपला ४ हा आकडा कमी होतो. तेवढ्याच बलासाठी जास्त प्रवाह लागतो. आणि मोटार आणखी तापते. शिवाय १०० अंश तापमान वाढले, की तांब्याचा रोध सुमारे ३९ टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे उष्णता पुन्हा वाढते. असे हे दुष्टचक्र आहे.

तीन सल्ल्यांची परीक्षा

आता त्या तिघांकडे वळू.

पहिला सल्ला, कंट्रोलरमध्ये डाख लावण्याचा. कंट्रोलरमध्ये प्रवाह मोजण्यासाठी अगदी कमी रोधाचा एक तुकडा असतो. त्यावर डाख चढवला, की त्याचा रोध आणखी कमी होतो. मग ३० अँपिअर वाहत असताना कंट्रोलरला १५ च वाटतात. म्हणजे आपण मोटार सुधारली नाही. पहारेकऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली.

परिणाम काय होतो? त्याच चढावर आता १०८० वॅट मिळतात आणि वेग सेकंदाला ६ मीटर होतो. पाहणारा म्हणेल, "बघा, केवढा फरक!" पण बॅटरीचा प्रवाह दुप्पट झाला, म्हणून तिच्या आतली उष्णता चौपट झाली. कंट्रोलर, तारा आणि जोडण्या यांच्यावरही तोच ताण आला. खरा धोका तर पुढे आहे. मागे मित्राला बसवून १६० किलोग्रॅम ओझ्यासह तुम्ही तोच चढ चढू लागलात, तर १७३ न्यूटन बल लागेल. प्रवाह ४३ अँपिअर. उष्णता सुमारे ७५० वॅट. पूर्वी एवढी शक्तीच मिळत नसल्याने सायकल अडली असती आणि तुम्ही उतरून ढकलली असती. ते अडणे म्हणजेच मोटारीचा इशारा होता. आता इशारा मिळणार नाही. सायकल निमूटपणे चढत राहील आणि मोटार मिनिटाला सुमारे ७० अंशांनी तापत जाईल. किलोमीटर पुरा होण्यापूर्वीच तिचा ग्रंथ आटोपेल.

दुसरा सल्ला, ४८ व्होल्टच्या बॅटरीचा. विद्युतशास्त्राच्या दृष्टीने हा पहिल्यापेक्षा बरा आहे. १५ अँपिअरची मर्यादा तशीच ठेवली, तर ७२० वॅट मिळतात. उभ्या चढावर वेग २.३ वरून सुमारे ३.६ मीटर होतो. दर सेकंदाची उष्णता थोडीच वाढते, पण चढ लवकर संपतो. मग यात अडचण कोठे आहे? ३६ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट देते, तर ४८ व्होल्टची ५४.६ व्होल्ट. जुन्या कंट्रोलरचे सुटे भाग तेवढा दाब सोसण्यासाठी निवडलेले असतीलच असे नाही. शिवाय, आठवा, विद्युतदाब वेग ठरवतो. सपाट रस्त्यावर हीच सायकल आता ताशी ३८ कि.मी. धावू शकेल. वेग दीडपट झाला, की गतिज ऊर्जा सव्वादोन पटींहून अधिक होते. सायकलचे ब्रेक आणि सांगाडा या ऊर्जेसाठी बनवलेले नसतात.

तिसरा सल्ला, जाड तारेचा. हा ऐकायला सर्वांत पटतो. पण हिशेब करून पाहा. मोटारीतील खाचांची जागा ठरलेली आहे. तार दुप्पट जाड छेदाची घेतली, तर वेढे निम्मेच मावतील. वेढे निम्मे झाले, म्हणून ४ चा आकडा २ झाला. १०८ न्यूटनसाठी आता २७ ऐवजी ५४ अँपिअर लागतील. तारेची लांबी निम्मी आणि जाडी दुप्पट, म्हणून रोध पाव, म्हणजे ०.१ ओहम. उष्णता किती? ५४ × ५४ × ०.१ = २९२ वॅट. अगदी पूर्वीएवढीच! वेढे बदलल्याने मोटारीचा वेग बदलतो. दिलेल्या बलासाठी होणारी उष्णता बदलत नाही. ती तेव्हाच घटेल, जेव्हा खाचांत एकूण तांबे जास्त मावेल किंवा चुंबक अधिक प्रबळ असतील.

२५० वॅट म्हणजे नक्की काय?

आपली सायकल २० मीटरला १ मीटर चढावर ३४० वॅट देते, असे आपण पाहिले. मग मोटारीवर २५० वॅट लिहिलेले असते ते खोटे का? मुळीच नाही. तो आकडा मोटारीच्या क्षणभराच्या जोराचा नसून तिच्या सहनशक्तीचा आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये याची व्याख्या फार सुंदर केली आहे. ज्या विजेच्या दुचाकीच्या मोटारीची 'तीस मिनिटांची शक्ती' ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ कि.मी.पेक्षा कमी असतो, ती वजनादी अटी पाळत असल्यास मोटार वाहन मानली जात नाही. तिला नोंदणी लागत नाही आणि चालवणाऱ्याला परवाना लागत नाही. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थांमध्ये अशा वाहनांच्या चाचण्या होतात. तीस मिनिटेच का? कारण तेवढ्या वेळात मोटारीत साठणारी उष्णता आणि बाहेर जाणारी उष्णता यांचा खरा मेळ दिसून येतो. क्षणभर तर कोणीही पोते उचलेल. ते घेऊन अर्धा तास कोण चालेल, हा प्रश्न आहे.

मोटारीची शक्ती वा वेग वाढवला, की ती सायकल या सवलतीतून बाहेर पडते. असे बेकायदा बदल करणाऱ्या उत्पादकांवर आणि विक्रेत्यांवर महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी मे २०२२ मध्ये कारवाईचे आदेश दिले होते. त्याच वर्षी देशात विजेच्या दुचाकींना आगी लागण्याच्या अनेक घटना घडल्या. त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षिततेचे निकष अधिक कडक केले व डिसेंबर २०२२ पासून ते टप्प्याटप्प्याने लागू केले.

मग शक्ती वाढवायचीच नाही का?

वाढवायची! पण पहारेकऱ्याला फसवून नव्हे. तीन चांगले मार्ग आहेत.

पहिला मार्ग चाकाचा. आपले चाक २६ इंची आहे असे धरा. त्याऐवजी तीच मोटार २० इंची चाकात असती तर? चाक लहान झाले, की तेवढ्याच पिळाने रस्त्यावर जास्त बल मिळते. ४ चा आकडा ५.२ होतो. उभ्या चढावर १०८ न्यूटनसाठी आता फक्त २०.८ अँपिअर लागतात आणि उष्णता २९२ वरून १७३ वॅटवर येते. उरलेले ३६७ वॅट चाकाला मिळतात. वेग २.३ वरून ३.४ मीटर! बॅटरी तीच, कंट्रोलर तोच, मोटार तीच. तरी चाकाला मिळणारी शक्ती जवळजवळ दीडपट झाली. त्याची किंमत काय? कमाल वेग ताशी २५ कि.मी.च्या आसपास अडतो. पण कायद्यालाही तोच हवा आहे. म्हणून घाटमाथ्याच्या गावासाठी सायकल निवडताना लहान चाकाची निवडा. दंतचक्रे असलेली हब मोटार किंवा पायडलजवळ बसवलेली मोटार हेही याच तत्त्वाचे उपयोग आहेत.

दुसरा मार्ग तुमच्या पायांचा. उभ्या चढावर सेकंदाला ३ मीटर वेगाने जाताना तुम्ही पायडल मारून १०० वॅट दिलेत, असे समजा. म्हणजे ३३ न्यूटन बल तुमचे. मोटारीवर उरले ७५ न्यूटन; प्रवाह सुमारे १९ अँपिअर; उष्णता १४१ वॅट. तुम्ही शंभर वॅट दिले आणि मोटारीची उष्णता दीडशे वॅटने घटली! वर्गाच्या नियमाने एरवी आपले नुकसान केले. येथे तोच आपल्या बाजूने उभा राहिला. एक किलोमीटर चढताना तापमानाची वाढ १९५ अंशांऐवजी सुमारे ७२ अंशांवर येते.

तिसरा मार्ग उष्णता बाहेर काढण्याचा. आतली फट हवेऐवजी उष्णता वाहून नेणाऱ्या पदार्थाने भरली, तर गुंडाळ्यांची उष्णता कवचापर्यंत पोहोचते आणि वाऱ्यावर निघून जाते. यासाठी चुंबकीय द्रव वापरतात. लोखंडाच्या संयुगाचे अतिसूक्ष्म कण तेलात मिसळून केलेला हा द्रव अमेरिकेच्या नासा संस्थेतील स्टीव्ह पॅपेल यांनी १९६३ मध्ये बनवला होता, तोही अग्निबाणाच्या इंधनासाठी. चुंबकच त्याला फटीत धरून ठेवतात. मात्र हे काम जाणकाराचे आहे. तुमच्या हातात असलेला सोपा उपाय म्हणजे लांब चढाच्या मध्यावर पाच मिनिटे विसावा. तो तुम्हांलाही हवाच असतो.

शेवटी एक हिशेब मनात ठेवा. १०० किलोग्रॅम ओझे अकोल्याच्या उंचीवरून वाशिमच्या उंचीवर नेण्यासाठी १०० × ९.८ × २७० = २,६४,६०० ज्यूल, म्हणजे केवळ ७३ वॅट-तास ऊर्जा लागते. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ३६० वॅट-तास असतात. म्हणजे घाट फार मागत नाही. तो चढताना आपण मोटारीकडून किती बल मागतो आणि किती वेळ मागतो, यावर सारे अवलंबून आहे.

करून पाहा

१. खेळण्यातील लहान मोटार, विजेरीचा जुना तारेचा दिवा आणि दोन घट एकसरीत जोडा. मोटार मोकळी फिरू द्या. दिवा मंद दिसेल. आता मोटारीचा आस दोन बोटांनी क्षणभर धरा. दिवा प्रखर होईल. उलट दाब नाहीसा होऊन प्रवाह वाढला, याचा हा डोळ्यांदेखत पुरावा. मोटार फार वेळ अडवून धरू नका, ती तापेल.

२. गवंडी पातळी पाहण्यासाठी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या. शिक्षकांच्या मदतीने शाळेजवळील एखाद्या चढावर १० मीटर अंतरावर दोन काठ्या उभ्या धरा आणि पाण्याच्या पातळीवरून चढ मोजा. तुमचा चढ किती मीटरला १ मीटर आहे? मोजमाप गर्दीच्या रस्त्यावर करू नका.

सोडवून पाहा

१. आपल्या २६ इंची चाकाच्या सायकलवर १२० किलोग्रॅम ओझे आहे. टायरच्या घर्षणासाठी १२ न्यूटन लागतात. २० मीटरला १ मीटर चढावर अगदी सावकाश जाताना मोटारीतील प्रवाह आणि उष्णता किती?

२. हवेचा विरोध सेकंदाला ७ मीटर वेगाला १८ न्यूटन असेल, तर १४ मीटर वेगाला किती? केवळ हवेसाठी लागणारी शक्ती किती पट होईल?

उत्तरे : (१) सुमारे १७.७ अँपिअर, सुमारे १२५ वॅट. (२) ७२ न्यूटन. शक्ती ८ पट.